विकृत नव्हे, बिनघडी

आर्वी तालुक्यातल्या एका शिक्षिकाताईंचा प्रश्न आहे. त्यांची भाची 'इन्ट्रिन्सिकली डिसऑर्डर्ड प्रोटीन्स'च्या डायनॅमिक्सवर संगणकाच्या मदतीनं पीएच.डी. करते. कपाशीच्या वावरात नैवेद्य ठेवायच्या सीतादहीच्या दिवसांत ती गावी आली होती. आजोबांना आपलं काम सांगावं म्हणून तिनं एक पानाचा गोषवारा यांत्रिक भाषांतरातून मराठीत काढला आणि वाचून दाखवला. मथळा होता, 'आंतरिकदृष्ट्या विकृत प्रथिनांची गतिशीलता'. आजोबांनी पहिल्याच ओळीला थांबवलं : "मंग थे रोगट हायेत का, बाई?" ताई विचारतात, 'विकृत' हा शब्द बरोबर आहे का? नसेल तर 'अव्यवस्थित' म्हणावं, 'विस्कळीत' म्हणावं, की आणखी काही?

ताई, 'विकृत' तर नकोच. आजोबांचा कान पक्का आहे. 'डिसऑर्डर' या इंग्रजी शब्दाला दवाखान्यात 'विकार' म्हणतात. यंत्रानं तोच अर्थ उचलला आणि विकारावरून विकृतीवर गेलं. इथला 'डिसऑर्डर' आजाराचा नाही, ठरावीक आकार नसण्याचा आहे. त्यात आणखी एक घोटाळा आहे. प्रथिन तापवून किंवा आम्लानं मोडलं की त्याला 'विकृतीकरण' म्हणण्याची रीत मराठी पुस्तकांत आहे. म्हणजे हा शब्द आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेला आहे.

माझं उत्तर 'बिनघडी प्रथिने' असं आहे. तिथवर कसा आलो ते जरा सविस्तर सांगतो, कारण या एका शब्दापायी मी आठवडाभर वह्या काढून बसलो होतो.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. प्रथिन म्हणजे २० प्रकारच्या अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. शाळेत आपण शिकवतो ते असं की ही माळ दुमडून एक पक्का आकार घेते आणि त्या आकारामुळेच तिला काम करता येतं. रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशरनं १८९४ मध्ये कुलूप-किल्लीची उपमा दिली (जोडीदार रेणू प्रथिनात किल्लीसारखा बसतो) ती याच समजुतीची. १९५० च्या दशकाच्या शेवटी मायोग्लोबिन या स्नायूंतल्या प्रथिनाचा आकार क्ष-किरणांनी दिसला आणि समज आणखी घट्ट झाली. मग लक्षात येत गेलं की कितीतरी प्रथिनांना, किंवा त्यांच्या लांबलचक पट्ट्यांना, असा एक आकार नसतोच, आणि तरी ती उत्तम काम करतात. राईट आणि डायसन या दोन शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये हा मुद्दा ठासून मांडला. माणसासारख्या सजीवांच्या सुमारे एक तृतीयांश प्रथिनांत असे लांब पट्टे असावेत असा अंदाज आहे. अपवाद म्हणून बाजूला सारावी अशी ही गोष्ट नाही.

आता ताईंनी सुचवलेले शब्द. 'विस्कळीत' घ्या, किंवा आपल्याकडचं 'इस्कटलेलं' घ्या. या शब्दांच्या पोटात एक घटना दडलेली आहे. आधी काहीतरी नीट होतं, मग ते बिघडलं. मराठीत '-लेला' लागला की ऐकणारा आपोआप विचारतो, कोणी केलं, कधी झालं? फाटलेला, सांडलेलं, इस्कटलेली. या प्रथिनांच्या बाबतीत तर काहीच घडलेलं नाही. ती तशीच जन्मतात, तशीच राबतात. 'अव्यवस्थित'मध्ये घटना नाही, पण ठपका आहे. अव्यवस्थित वही म्हटली की पोराच्या कानाला हात गेलाच.

'इस्कटलेलं' टाकून मात्र देऊ नका, त्याला नेमकी जागा आहे. अंड्याचा पांढरा भाग बघा. त्यातलं अल्ब्युमिन नीट घडीत बसलेलं असतं. उकळलं की घडी सुटते, माळा एकमेकींत गुंततात आणि पातळ पांढरं घट्ट होऊन बसतं. हे खरं इस्कटणं. आता दूध बघा. गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसिन असतं, आणि केसिनच्या माळांना पक्की घडी नाही. म्हणून ताजं दूध चुलीवर खळखळ उकळलं तरी फाटत नाही. उष्णतेनं उलगडावं असं त्यात फारसं काही नसतंच. विरजण लावलं, आंबटपणा वाढला की केसिनचे कण एकमेकांना चिकटतात आणि दही लागतं. सीतादहीला पऱ्हाटीपाशी आपण जो दहीभाताचा नैवेद्य ठेवतो, त्यातलं दही म्हणजे बिनघडी प्रथिनाचंच देणं. भाचीनं आजोबांना पहिलं उदाहरण हेच द्यावं.

मी वारंवार 'घडी' म्हणतो आहे. या शब्दात मराठीनं जे साठवून ठेवलं आहे ते पाहून मला खरोखर भरून आलं. इंग्रजीत 'फोल्ड' वेगळा आणि 'ऑर्डर' वेगळा. आपल्याकडे लुगड्याची घडी घालतात आणि संसाराची घडी बसवतात. दुमड आणि व्यवस्था या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात आल्या. प्रथिनाच्या शास्त्रात नेमकं याच दोन गोष्टींचं नातं तपासलं जातं. शिवाय घडी म्हणजे घटकाही : घडीभर थांब, घडीघडीला काय विचारतोस, घडीत असं घडीत तसं. ज्या प्रथिनाला पक्की घडी नाही ते घडीघडीला वेगळं दिसतं, हे सांगायला दुसरी कुठली भाषा इतकी तयार होऊन बसली असेल असं मला वाटत नाही.

राहिला नकार. 'बे-' लावलं तर पुन्हा ठपका येतो : बेशिस्त, बेताल, बेजबाबदार. 'अ-' लावून 'अघडी' केलं तर कोणी बोलणार नाही. 'बिन-' मात्र शांत उपसर्ग आहे. बिनव्याजी कर्जात व्याज नाही, पण त्यामुळे कर्जाला कोणी उणं लेखत नाही. बिनविरोध निवड झाली तर उलट गुलालच उडतो. आणि शास्त्राच्या शब्दांत तर 'बिनतारी' हा केवढा जुना, कमावलेला दाखला आहे. तार नसणं हा त्या यंत्राचा दोष नाही, तीच त्याची सोय. तसंच 'बिनघडी' ऐकू यावं. बोलताना 'बिनघडीची प्रथिनं' म्हणा, नाव म्हणून लिहिताना 'बिनघडी प्रथिने'. एखाद्या प्रथिनाचा काहीच भाग तसा असेल तर 'बिनघडी पट्टा'. 'इन्ट्रिन्सिकली'साठी 'मुळातच' जोडायला हरकत नाही, पण 'बिन-'मध्ये ते आलंच आहे, असं माझं मत.

नावाचा हा घोळ आपलाच आहे असं समजू नका. या प्रथिनांना इंग्रजीत 'नेटिव्हली अनफोल्डेड' म्हणून झालं, 'इन्ट्रिन्सिकली अनस्ट्रक्चर्ड' म्हणून झालं, आणखीही नावं झाली. शेवटी कीथ डंकर आणि बऱ्याच सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नावाच्या प्रश्नावरच एक लेख लिहिला आणि 'इन्ट्रिन्सिकली डिसऑर्डर्ड' हेच का ठेवावं याची बाजू मांडली. शब्दावर इतकी मेहनत घेणाऱ्या शास्त्रज्ञांबद्दल मला आदर वाटतो.

काम कसं चालतं हे समजवायला आजोबांच्या खांद्यावरचा दुपट्टा पुरेसा आहे. शिवलेल्या सदऱ्याला बाह्या कुठे आणि गळा कुठे हे ठरलेलं असतं. दुपट्ट्याला काहीच ठरलेलं नसतं. उन्हात तो डोक्याला गुंडाळतात, ओझं उचलायचं तर त्याचीच चुंबळ होते, वावरात जाताना त्यात भाकर बांधतात, काम जड असलं की कमरेला कसतात. प्रत्येक वेळी आकार येतो, पण कामापुरता. पेशीतलं पी-५३ हे प्रथिन बघा. कर्करोगाला आवर घालणाऱ्या या प्रथिनात ३९३ अमिनो आम्लं आहेत. त्याच्या शेवटाकडचा जेमतेम १५ आम्लांचा एक बिनघडी तुकडा एका जोडीदाराशी जुळताना मळसूत्रासारखा पीळ घेतो, दुसऱ्याशी जुळताना सरळ पट्टीसारखा होतो, आणि आणखी काहींशी जुळताना यातलं काहीच करत नाही. तुकडा तोच असतो.

म्हणूनच इथे संगणक लागतो. दुपट्ट्याचा एक फोटो काढून 'हा दुपट्ट्याचा आकार' असं म्हणता येत नाही. स्फटिक करून क्ष-किरणांनी पाहायचं तर सगळे रेणू एकाच ठेवणीत हवेत, आणि इथे तर प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, तीही घडीघडीला बदलणारी. ('कॉन्फर्मेशन'ला मी 'ठेवण' म्हणतो. नाकाडोळ्यांची ठेवण म्हणतो ना, तोच शब्द. आणि 'एन्सेम्बल' म्हणजे ठेवणींचा संच.) संगणकावर प्रत्येक अणूवर ओढ किती आणि रेटा किती हे मांडतात, न्यूटनच्या नियमांनी तो पुढच्या क्षणी कुठे जाईल ते काढतात, आणि हेच पुन्हा पुन्हा करतात. क्षण म्हणजे सहसा २ फेम्टोसेकंद. (सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचे अब्ज तुकडे केले तर एक तुकडा म्हणजे फेम्टोसेकंद.) सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचं चित्र हवं असेल तर अशी ५० कोटी पावलं टाकावी लागतात. १९७७ मध्ये मॅकॅमन, जेलिन आणि कारप्लस यांनी प्रथिनावर हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा प्रथिन होतं ५८ अमिनो आम्लांचं आणि चित्र मिळालं ते १० पिकोसेकंदांपेक्षाही, म्हणजे १० हजार फेम्टोसेकंदांपेक्षाही, कमी वेळाचं. कारप्लस यांना २०१३ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, ते अशाच संगणकी प्रतिमानांच्या पायाभरणीसाठी.

मला यातली एक गोष्ट फार बोलकी वाटते. ओढ-रेट्याची ही गणितं बरीचशी घडीच्या प्रथिनांवर बेतून बसवलेली होती. तीच बिनघडी प्रथिनांना लावली तेव्हा संगणकावर ती खऱ्यापेक्षा जास्तच आकसून गोळा होऊ लागली. सदऱ्याच्या मापानं दुपट्टा मोजल्यासारखं झालं. गेल्या १०-१२ वर्षांत प्रथिन आणि पाणी यांच्यातली ओढ नव्यानं बसवून हा दोष बराच कमी केला गेला. अल्फाफोल्ड ही कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली घडीच्या प्रथिनांचे आकार फार छान सांगते, पण बिनघडी पट्ट्यांपाशी आली की स्वतःच 'इथे खात्री कमी' अशी खूण करते आणि नुसती सैल दोरी काढून दाखवते. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०२४ मध्ये वेगळी वाट धरली. एकेका अमिनो आम्लाला एकच मणी मानून, तपशील मुद्दाम कमी करून, त्यांनी माणसाच्या प्रथिनांतल्या २८,०५८ बिनघडी पट्ट्यांचे ठेवण-संच तयार केले. तुमच्या भाचीचं काम याच रानातलं आहे.

'गतिशीलता'बद्दलही एक शब्द. गतिशीलता हा गुण झाला. कशामुळे, किती वेगानं, कोणत्या ठेवणीतून कोणत्या ठेवणीत, या अभ्यासाला 'गतिकी' म्हणावं. घरी सांगताना 'चलनवलन' चालेल.

आजोबांच्या 'रोगट' या शब्दाकडे परत येतो, कारण तो माझ्याही घरातला आहे. माझ्या वडिलांना कंपवात (पार्किन्सन्स) होता. शेवटची काही वर्षं त्यांना कपबशीही धरता येत नव्हती. तेव्हा कुणीतरी मला सांगितलं होतं की मेंदूतलं एक प्रथिन 'विस्कटतं' म्हणून असं होतं, आणि मी तेच धरून बसलो. या शब्दाच्या निमित्तानं वाचलं तेव्हा कळलं की गोष्ट जवळजवळ उलटी आहे. अल्फा-सायन्यूक्लीन हे १४० अमिनो आम्लांचं प्रथिन निरोगी मेंदूतही मोकळं, बिनघडीच असतं. कंपवातात त्याच्या माळा एकमेकींवर चळत लागावी तशा बसतात, ताठ धागे होतात आणि पेशीत साचतात. १९९७ मध्ये कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूतल्या गाठींमध्ये हेच प्रथिन सापडलं. म्हणजे मोकळेपण हा रोग नव्हे. नको ती घडी पडून ती पुन्हा न सुटणं, हे रोगाशी जोडलेलं आहे. 'विकृत' म्हटलं की दोष निरोगी अवस्थेच्या माथी जातो. हा शब्द नको, असं मी इतक्या आग्रहानं म्हणतो ते यासाठी.

प्रबंधाच्या मराठी गोषवाऱ्यासाठी मथळा असा करता येईल : 'बिनघडी प्रथिनांच्या गतिकीचा संगणकीय अभ्यास'. पहिल्या वाक्यात इंग्रजी नाव देवनागरीत द्यावं, म्हणजे शोधणाऱ्याला वाट सापडेल. आणि घरी आजोबांना सांगायचं असेल तर मी असं सांगीन :

"आबाजी, अंगातल्या काही प्रथिनाईले पक्की घडी नसते, तुमच्या दुपट्ट्यावानी. जसं काम पडलं तशी थे घडी घेतेत, अन् काम झालं का सोडतेत. रोगट नाही हायेत थे. थे कशी हालतेत, थे मी कॉम्प्युटरवर पाह्यतो."