खानेसुमारीचे आकडे वाचण्याआधी : एका विद्यार्थिनीस पत्र

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण वाचून झालं. १९०१, १९११ आणि १९२१ या तिन्ही खानेसुमाऱ्यांची कोष्टकं तू चोख उतरवली आहेस, बेरजा ताडून पाहिल्या आहेस, टक्केवारीत कुठे गफलत नाही. माझी काळजी वेगळी आहे. ‘तालुक्यात इतक्या लोकांचा धंदा शेती होता, इतके साक्षर होते’ असं तू लिहितेस, तेव्हा ते कोणी विचारलं, कोणाला विचारलं आणि उत्तर देणाऱ्याच्या मनात काय होतं, याचा मागमूस तुझ्या पानांवर नाही. प्रत्येक आकड्यामागे एक दार असतं. त्या दारात काय घडलं ते कळल्याशिवाय कोष्टकावर विसंबू नकोस.

म्हणून रिपोर्ट उघडलास की आधी कोष्टकांकडे जायचं नाही. गणकांना दिलेल्या सूचना वाच. १९११ च्या तक्त्यात १६ रकाने होते. घराचा नंबर, माणसाचा अनुक्रमांक, नाव, धर्म, स्त्री की पुरुष, लग्न झालेलं की नाही की वैधव्य, वय, जात, मुख्य धंदा, जोडधंदा, दुसऱ्यावर अवलंबून असेल तर ज्याच्यावर पोट आहे त्याचा धंदा, जन्माचा जिल्हा, भाषा, लिहितावाचता येतं का, इंग्रजी येतं का आणि शेवटी व्यंग. प्रत्येक रकान्याच्या सूचना म्हणजे त्या काळचा एकेक वाद आहे असं समज. व्यंगाच्या रकान्यात दोन्ही डोळ्यांनी पूर्ण आंधळा असलेलाच लिहायचा, एका डोळ्याचा नाही. मुका-बहिरा जन्मापासूनचा असेल तरच. अंगावर नुसतं पांढरं कोड असेल तर त्याला महारोगी म्हणून नोंदवायचं नाही. आता विचार कर, ही सूचना चार गणकांना नीट समजली आणि पाचव्याला समजली नाही, तर महारोग्यांच्या कोष्टकाचं काय होईल?

नावाच्या रकान्याची सूचना तर मुद्दाम वाच. घरच्यांनी बाईचं नाव सांगायला हरकत घेतली, तर नावाच्या जागी नुसतं ‘स्त्री’ लिहून पुढे जायचं, अशी मुभा होती. आपल्याकडे नवऱ्याचं नाव बायको तोंडानं घेत नसे आणि बायकोचं नाव परक्यापुढे सांगणं पुष्कळ घरांत प्रशस्त मानत नसत. अशा घरातल्या बाईचं वय, तिचा धंदा, तिचं लिहितावाचता येणं हे ओटीवर बसलेल्या पुरुषानं सांगितलेलं आहे. ती स्वतः शेतात राबत असेल, घरी सूत काढत असेल, तरी तिला ‘अवलंबून’ म्हणून नोंदवायला त्या पुरुषाला काहीच वाटलं नसणार. तुझ्या प्रकरणात स्त्रियांच्या धंद्यावर दोन पानं आहेत. ती मला पुन्हा लिहून हवी आहेत.

यंत्रणा कशी होती तेही नीट समजून घे, कारण ती खरोखर थक्क करणारी होती. कायमचं खातं असं काही नव्हतं. दर दहा वर्षांनी कमिशनर नेमायचा, प्रांताप्रांताला सुपरिंटेंडेंट नेमायचे, काम झालं की सगळं मोडून टाकायचं. कायदासुद्धा दर वेळी नवा व्हायचा. १९०१ ला रिस्ले होते, १९११ ला गेट, १९२१ ला मार्टेन. मुंबई इलाख्यात १९०१ चं काम एन्थोवेन यांच्याकडे होतं. खाली साधारण ३० ते ५० घरांचा एक ब्लॉक आणि त्याला एक गणक, दहा-पंधरा ब्लॉक मिळून एक सर्कल आणि त्याच्यावर एक देखरेख करणारा, अशा सर्कलांचा मिळून एक चार्ज. आपल्या भागात या सगळ्यांत तलाठी, कुलकर्णी, शाळामास्तर, कचेरीतले कारकून हीच माणसं. देशभर असे सुमारे २० लाख लोक जुंपले होते आणि त्यांतल्या बहुतेकांना या कामाचा पैसा मिळाला नाही.

आधी घरांवर नंबर पडले, कुठे गेरूनं, कुठे डांबरानं. ‘घर’ कशाला म्हणायचं हाच मोठा प्रश्न होता. एका चुलीवर जेवतात ते एक घर, की रस्त्यावर वेगळा दरवाजा उघडतो ते एक घर? प्रांताप्रांतात उत्तर वेगळं होतं. तू दर घरी माणसं किती याची तुलना मुंबई आणि मध्य प्रांत यांच्यात केली आहेस. ती तुलना करण्याआधी दोन्हीकडची व्याख्या शेजारी शेजारी लिही. बहुधा तो तक्ता तुला काढून टाकावा लागेल.

नंबर पडले की काही आठवडे आधी गणक घरोघर जाऊन सगळे रकाने काळ्या शाईनं भरून ठेवत. खरी गणती मात्र एकाच रात्रीची. १९०१ ला १ मार्च, १९११ ला १० मार्च, १९२१ ला १८ मार्च. तारीख धरताना मोठ्या जत्रा, पर्वणीची स्नानं, लग्नाच्या दाट तिथी टाळायच्या आणि चांदणं हवं, असा हिशेब असे, म्हणून या तिन्ही रात्री शुक्ल पक्षातल्या आहेत. संध्याकाळी सातच्या सुमारास गणक आपली वही घेऊन पुन्हा निघे आणि मध्यरात्रीपर्यंत ब्लॉकमधलं प्रत्येक दार पुन्हा गाठे. मधल्या काळात कोणी वारलं असेल, परगावी गेलं असेल, तर त्याच्या ओळीवर लाल शाईची रेघ. मूल जन्मलं असेल, पाहुणा आला असेल, तर लाल शाईनं नवी ओळ. जंगलपट्ट्यात रात्री हिंडणं धोक्याचं, तिथली मोजणी दिवसाउजेडी उरकली जाई. रेल्वेत सातनंतर तिकीट काढणाऱ्याला फलाटावर नाहीतर डब्यात गाठून मोजायचं आणि मोजल्याचा पास द्यायचा. रात्रीत कुठल्याही स्टेशनावर उतरणाऱ्याकडे पास नसेल तर त्याला तिथे मोजायचं. पहाटे सहाच्या सुमारास गाड्या थांबवून प्रत्येक डबा पाहायचा. लाल शाई आणि पास या दोन गोष्टी लक्षात ठेव. कारण तुझ्या कोष्टकात जे लोक ‘मुंबई शहरात’ आहेत, ते त्या एका रात्री मुंबईत होते, इतकाच त्याचा अर्थ.

यावरून एक गोष्ट सुचवतो, कोणी नीट तपासलेली माझ्या पाहण्यात नाही. १९११ ची होळी १० मार्चनंतर चार-पाच दिवसांवर होती. मुंबईच्या गिरणीतला रत्नागिरीकडचा माणूस शिमग्याला गावी जातो हे तुला मी सांगायला नको. त्या रात्री त्यांतले किती जण आधीच गावी पोचले होते, किती बोटीत होते, किती अजून चाळीत होते? मुंबईची त्या वर्षीची लोकसंख्या ९,७९,४४५ भरली आणि दर दहातले आठ बाहेर जन्मलेले निघाले. शिमग्यापायी या आकड्यात फरक पडला असेल किंवा नसेलही, पण प्रश्न विचारण्याजोगा आहे. जन्मस्थळाच्या कोष्टकावर तुझा एवढा भर आहे, तर हे तुझंच काम.

प्लेगचं उदाहरण तर ढळढळीत आहे. मुंबई शहर १८९१ ला ८,२१,७६४ होतं, १९०१ ला ७,७६,००६ झालं. माणसं मेली हे खरं, पण पुष्कळ जण नुसती पळालेली होती. १९०६ मध्ये पालिकेनं वेगळी मोजणी केली तेव्हा आकडा ९,७७,८२२ वर गेला. पाच वर्षांत दोन लाख माणसं एकदम जन्मली नाहीत. १९११ ला नागपूरची तीच गत झाली, प्लेगमुळे शहर अर्धवट ओस पडलेलं असताना गणती झाली. तू नागपूरची ‘पीछेहाट’ असं उपशीर्षक दिलं आहेस. ते आजच खोड.

१९२१ बद्दल थोडक्यात. देशाची लोकसंख्या ३१ कोटी ५१ लाखांवरून ३१ कोटी ८९ लाखांवर गेली, दहा वर्षांत अवघी ३८ लाखांची भर. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानं केलेला तो संहार आहे. त्यावर तू लिहिलेलं चांगलं आहे, त्याला हात लावू नकोस.

साक्षरतेवर मात्र थांबायला हवं. १९०१ ला लिहितावाचता येतं का एवढाच प्रश्न होता. १९११ ला कसोटी ठरली : मित्राला पत्र लिहिता यावं आणि त्याचं आलेलं उत्तर वाचता यावं. म्हणजे दोन्ही वर्षांच्या आकड्यांची मापं सारखी नाहीत, आणि तू ती एका आलेखात जोडली आहेस. नव्या कसोटीनं हजारी १०६ पुरुष आणि १० बायका साक्षर निघाल्या. गणतीची रात्र १० मार्चची. सहा दिवसांनी, १६ मार्च १९११ ला, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक कौन्सिलात मांडलं. पुढल्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की मला अजून अस्वस्थ व्हायला होतं. सरकारनं स्वतःच्या हातानं मोजलेलं अज्ञान समोर होतं आणि तरी हात वर झाले नाहीत.

आणि याच आकड्यातून दुसरा प्रश्न निघतो, तो माझ्या मते तुझ्या प्रबंधाचा गाभा व्हायला हवा. शंभरात सहाच साक्षर असतील तर गावात लेखणी कोणाच्या हाती होती? कुलकर्णी, मास्तर, कारकून यांच्या. गणक महारवाड्यात, मांगवाड्यात आत शिरला, की वेशीपाशी उभा राहून एखाद्याला हाक मारून त्याच्याकडून सगळ्या वस्तीची माहिती घेतली? तिथली वयं, धंदे, लग्नं कोणी सांगितली? कोष्टक याबद्दल गप्प आहे. आणि तरीही अस्पृश्यांची संख्या देशापुढे मांडताना विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०१ चीच खानेसुमारी हाताशी घेतली, १९०६ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. सदोष वहीतूनसुद्धा उपेक्षितांचं केवढं मोठं बळ उभं राहतं, हे पाहा. म्हणून आकडे टाकून दे असं मी म्हणत नाही. ते कसे आले ते सांगून वापर.

जातीच्या रकान्याबद्दल इतकंच, की रिस्ले यांनी १९०१ ला जातींची सामाजिक उतरंड लावायचा घाट घातला आणि लोकांना वाटू लागलं की सरकार आता पायरी ठरवून देणार. १९११ ला एकट्या बंगालमध्ये जातीजातींचे जे अर्ज आले, त्यांचं वजन दीड मण भरलं असं तिथल्या रिपोर्टात नोंदलं आहे. एखाद्या जातीची संख्या दहा वर्षांत अर्धी झालेली दिसली तर रोगराई शोधण्याआधी तिनं नाव बदललं का ते बघ.

धंद्यांच्या कोष्टकात आणखी एक खड्डा आहे. १९०१ चं वर्गीकरण ५२० गटांचं, १९११ ला फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ बर्तिलाँ यांची पद्धत घेतली आणि गट १६९ वर आले. शिवाय वहीतून कोष्टकापर्यंतचा प्रवास हातांनी झालेला आहे. अमेरिकेत १८९० पासून होलेरिथची, भोकं पाडलेली कार्डं मोजणारी यंत्रं चालत होती, १९११ ला ब्रिटननंही ती घेतली, आपल्याकडे मात्र चिठ्ठी. १९०१ ला जर्मनीतल्या बव्हेरियातून घेतलेली ही रीत अशी : दर माणसाची एक चिठ्ठी, धर्माप्रमाणे कागदाचा रंग वेगळा, स्त्री-पुरुष आणि लग्नाच्या स्थितीला ठरावीक खूण. नकलकारांनी वहीवरून चिठ्ठ्या उतरवायच्या, मग छाटणी करणाऱ्यांनी खणाखणांत टाकून मोजायच्या. कोट्यवधी चिठ्ठ्या! आणि नुसत्या माणसांच्या प्राथमिक बेरजा तर गावाहून सर्कलकडे, चार्जकडे, जिल्ह्याकडे आणि तिथून तारेनं जात १९११ ला नऊ-दहा दिवसांत पूर्ण देशाच्या हाती आल्या. पगार न घेता रात्रभर फिरलेल्या माणसांचं हे काम आहे, त्याबद्दल तुझ्या प्रस्तावनेत एक परिच्छेद असू दे.

मूळ वह्या शोधण्यात दिवस घालवू नकोस. कोष्टकं झाल्यावर त्या नष्ट केल्या गेल्या. विलायतेतल्या किंवा अमेरिकेतल्या अभ्यासकाला १९११ चं, १९१० चं घरन्‌घर नावानिशी पाहता येतं, आपल्याला नाही. आणि ‘महाराष्ट्र’ एका खंडात सापडणार नाही : मराठवाडा निजामाच्या राज्याच्या खंडात, विदर्भ मध्य प्रांत-वऱ्हाडच्या (१९०१ ला वऱ्हाडचा खंड वेगळा होता), बाकीचा मुंबई इलाख्याच्या. गोव्याची मोजणी पोर्तुगीज सरकारनं १९०० आणि १९१० ला आपली आपण केली, ती १९०१-११ च्या रांगेत बसवताना वर्षाचा फरक लिहायला विसरू नकोस.

आता काम. गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात जाऊन १९०१ आणि १९११ च्या मुंबई इलाख्याच्या रिपोर्टांतल्या गणकांच्या सूचना हातानं उतरवून काढ, फोटो काढून आणू नकोस. प्रकरणातल्या प्रत्येक कोष्टकाखाली प्रश्नाचे मूळ शब्द आणि व्याख्या घाल. स्त्रियांच्या धंद्याची दोन पानं नव्यानं लिही, नागपूरचं उपशीर्षक काढ, साक्षरतेचा आलेख तोड. शिमग्याचा प्रश्न जमला तर वेगळं टिपण कर, प्रकरणात घुसडू नकोस. एवढं झालं की पाठव, मी लगेच वाचतो.

तुझे,
सर