इव्हेंट मार्केटिंगमध्ये यायचं तर प्रत्यक्ष कामाचं शिक्षण कुठे मिळेल?

तुम्ही पुण्यात बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहात, इव्हेंट मार्केटिंगमध्ये यायचंय आणि एक इन्स्टिट्यूट 'प्रॅक्टिकलसह' वर्षभराचा कोर्स देतेय. तो करावा की नाही, असं विचारलंय. मी या कामात ११ वर्षं आहे, त्यातली बहुतेक शेतीच्या प्रदर्शनांत आणि तालुक्याच्या गावांत गेली. फी भरण्याआधी त्यांना एवढंच विचारा: विद्यार्थी एका इव्हेंटवर किती दिवस असतात? 'इव्हेंटचे दोन दिवस' असं उत्तर आलं तर पैसे भरू नका. त्या दोन दिवसांत तुम्ही कंपनीचा टी-शर्ट घालून गेटवर पत्रकं वाटाल आणि घरी याल. त्यात शिकणं नाही, फुकटची मनुष्यबळ-भरती आहे. मला याचा राग येतो, कारण मुलं मनापासून आलेली असतात.

कार्यक्रम वेळेवर सुरू झाला, माइक चालला, जेवण पुरलं, हे झालं इव्हेंट मॅनेजमेंट. आलेल्या माणसांपैकी कोणाला आपली वस्तू खरंच हवी आहे, हे ओळखून त्याच्यापर्यंत पुन्हा पोचणं म्हणजे मार्केटिंग. हे काम महिनाभर आधी सुरू होतं आणि इव्हेंटनंतर पंधरा दिवस तरी चालतं. म्हणून माझा सल्ला असा की दहा इव्हेंटना एकेक दिवस जाण्यापेक्षा एकच इव्हेंट पहिल्या मीटिंगपासून शेवटच्या फॉलो-अप कॉलपर्यंत पाहा. तो छोटा असला तरी चालेल.

मला हे कसं कळलं ते सांगते. दुसऱ्या वर्षी माझ्याकडे पुण्याजवळ मोशीला एका कृषी प्रदर्शनात पंपाच्या कंपनीचा स्टॉल होता. तीन बाय तीन मीटरचा तयार स्टॉल, म्हणजे पॅनलच्या भिंती, वर नावाची पट्टी, एक टेबल, दोन खुर्च्या, लाइट आणि एक प्लग. विजेचा फॉर्म मीच भरला होता, सिंगल फेजचा, म्हणजे घरात असते तशा साध्या जोडणीचा. आदल्या रात्री साडेनऊला कंपनीचा फिटर पंप घेऊन आला, प्लगकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, हा पंप थ्री फेजचा आहे, या प्लगवर चालणार नाही." जादा लोड, म्हणजे जास्तीची वीज, मागायची मुदत केव्हाच संपली होती. दुसऱ्या दिवशी पंप टेबलावर नुसता ठेवलेला. शेतकरी यायचे, त्यावर हात फिरवायचे, "चालवून दाखवा की" म्हणायचे आणि पुढच्या स्टॉलवर जायचे. जास्तीचे पैसे भरून लाइन मिळाली ती तिसऱ्या दिवशी. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाचं पहिलं काम ठरलेलं आहे: मशीनच्या नेमप्लेटचा फोटो मागवायचा आणि त्यावरून फेज आणि लोड स्वतः वाचायचा. हे वर्गात एका तासात शिकवता येतं, पण लक्षात राहतं ते मैदानावरच.

त्याच प्रदर्शनात दुसरी गोष्ट समजली, आणि ती जास्त महत्त्वाची. आम्ही वही भरून नाव-नंबर घेतले होते. आठवड्याने फोन लावायला बसले तर निम्म्या लोकांना पंपच आठवेना. एक काका म्हणाले, "ताई, मी तर कॅलेंडर घ्यायला आलो होतो." पुढच्या वर्षी कॅलेंडरं टेबलाखाली ठेवली आणि वहीचे रकाने बदलले: गाव, पीक, पाणी विहिरीचं की बोअरचं, किती फुटांवर, सध्याची मोटार किती एचपीची. नावं बरीच कमी झाली. पण "बोअर किती फूट आहे तुमचं?" असं विचारलं की माणूस खुर्चीत बसतो, हे तिथे पाहिलं. डीलर त्या वहीवरून थेट बांधावर गेला, कारण कोणाकडे काय घेऊन जायचं हे त्याला माहीत होतं. नंबर घेताना "आमच्या डीलरचा फोन आला तर चालेल ना?" हेही विचारायला शिका आणि वहीत तशी खूण करा. वैयक्तिक डेटाबाबत २०२३चा कायदा आहेच, पण न विचारता केलेला फोन लोकांना आवडतही नाही.

आता तुम्हाला कुठे शिरता येईल? कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये स्पॉन्सरशिपचं काम मागून घ्या, स्टेजचं नको. लक्ष्मी रोडवरच्या दुकानदाराला 'तुमच्या पाच हजारांच्या बदल्यात काय मिळेल' हे पटवून देणं आणि गॅदरिंग झाल्यावर त्याला फोटो आणि हिशेब नेऊन दाखवणं, यात अख्खं इव्हेंट मार्केटिंग आलं. लाऊडस्पीकर, पोलीस परवानगी, गाण्यांचे परवाने हेही तिथेच कळेल. रात्री १० नंतर आवाज बंद हा नियम २००० सालचा आहे, तो गृहीत धरूनच कार्यक्रमाचं वेळापत्रक लावा.

दुसरी जागा म्हणजे भीमथडी जत्रा. डिसेंबरात शिवाजीनगरला सिंचननगरच्या मैदानावर भरते. बचत गटांच्या कितीतरी ताई तिथे पापड, मसाले, घोंगड्या घेऊन येतात. एखाद्या गटाला आधीच गाठा आणि विचारा, "ताई, मी सगळे दिवस तुमच्याबरोबर उभी राहू का?" स्टॉल लावायला जा, गिऱ्हाईक कुठे थांबतं ते बघा, चव दिल्यावर किती जण घेतात ते लिहा आणि जत्रेनंतर परत ऑर्डर देणाऱ्यांची यादी त्यांना करून द्या. माझ्या टीममधली सगळ्यात तयारीची मुलगी अशीच एका चटणीच्या स्टॉलवर शिकली. मुलाखतीत तिने प्रमाणपत्र दाखवलं नाही, वही दाखवली.

एजन्सीकडे जाल तेव्हा सेटअपची रात्र आणि डिसमेंटल, म्हणजे शेवटी सगळं उतरवायचं काम, दोन्ही मागून घ्या. सुतार, इलेक्ट्रिशियन, फ्लेक्सवाले यांच्याशी त्या रात्री झालेली ओळख पुढे वर्षानुवर्षं उपयोगी पडते. खिशात इंच टेप असू द्या.

पैशांचं मात्र सुरुवातीलाच बोला. तारीख, तास, रोजची रक्कम, पैसे किती दिवसांत मिळणार, जेवण आणि रात्री घरी सोडायची सोय, हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. 'शिकायला मिळतंय ना' म्हणून फुकट राबवणाऱ्याला नाही म्हणा. डिसमेंटल रात्री दोनलाही संपतं आणि मोशीहून त्या वेळी बस नसते. गाडी कोण देणार हे ठरलं नसेल, तर त्या कामाला जाऊ नका.