‘सगळंच काढून टाका’ म्हणण्याआधी

स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालेलं कुटुंब समुपदेशनाच्या खोलीत येतं तेव्हा पहिलं बोलणं बहुधा नातेवाइकांचं असतं. ‘मॅडम, अर्धवट काही ठेवू नका म्हणावं डॉक्टरांना. सगळंच काढून टाका, म्हणजे डोक्याला ताप नको.’ शिकलेले, न शिकलेले, शहरातले, खेड्यातले, सगळेच हे म्हणतात. त्यामागे माया असते, भीती असते. पण जिच्याबद्दल हे चाललेलं असतं, ती बाजूच्या खुर्चीत पदराचं टोक चाळवत गप्प बसलेली असते.

सुनंदाताई (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) तासगावकडच्या, वय 47. डाव्या स्तनात, काखेच्या बाजूला, दोन सेंटिमीटरच्या आसपासची गाठ. बायोप्सीत कॅन्सर निघाला होता, हार्मोनला प्रतिसाद देणारा, म्हणजे शरीरातल्या हार्मोनवर वाढणारा. काखेत हाताला काही लागत नव्हतं. सर्जननी सांगितलं होतं की स्तन काढायची गरज नाही. गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढू, रोग सरकला तर आधी जिथे पोचतो, त्या काखेतल्या पहिल्या एक-दोन ग्रंथी निळा रंग सोडून शोधू आणि तपासू, नंतर रेडिएशन देऊ. पतीला आणि मोठ्या दिरांना हे पटेना. निर्णय होईना, म्हणून सर्जननी माझ्याकडे पाठवलं.

पती द्राक्षबागायतदार. बोलायला शांत, पण ठाम. म्हणाले, ‘मॅडम, वेलीला रोग आला की आम्ही फांदी मागनंच कापतो. निम्मी ठेवली की फुटव्याला परत येतोय. हितं तर माणसाचा जीव आहे.’

मुद्दा बिनबुडाचा नव्हता. शंभर वर्षांपूर्वीचे मोठमोठे सर्जनही असाच विचार करत. अमेरिकेत बाल्टिमोरचे विल्यम हॅलस्टेड यांनी 1890च्या दशकात जी शस्त्रक्रिया रूढ केली, तिच्यात स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी असं सगळंच काढलं जाई. रोग एका जागेवरून शेजारच्या जागेत सरकत जातो, तेव्हा जितकं जास्त कापू तितका जीव वाचेल, हा हिशोब. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभरातल्या बायकांनी छातीचा खड्डा आणि सुजलेला हात घेऊन दिवस काढले, ते या हिशोबापायी.

पण हे उत्तर मी लगेच दिलं नाही. आधी दोघांना बाहेर चहा घ्यायला पाठवलं. बाईशी एकटीशी बोलल्याशिवाय या विषयात पुढे जायचं नाही, हा माझा नियम आहे आणि तो मी कुणासाठी मोडत नाही.

दार लागल्यावर सुनंदाताई जरा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘ठेवला तरी खरंच चालतंय का? का मला बरं वाटावं म्हणून डॉक्टर म्हणतायत?’ मी म्हटलं, खरंच चालतंय, का ते सगळ्यांना समजावून सांगते. पण तुम्हाला काय हवंय ते आधी सांगा. त्यावर त्या म्हणाल्या, ‘घरात सगळी म्हणतायत, या वयात काय करायचाय. लेकरं मोठी झाली. पण मला पाहिजे.’ आणि मग घाईघाईनं, ‘असं म्हणणं वाईट दिसतंय का?’

अजिबात नाही, म्हटलं. स्तन दूध पाजण्यापुरता किंवा नवऱ्यापुरता असतो, हा समज आपल्याकडे इतका मुरलाय की आपलं शरीर आपल्याला अखंड हवं, एवढं साधं म्हणायलाही बाईला लाज वाटते. मला याचा फार राग येतो.

मग सगळे एकत्र बसलो. मी पतीला म्हटलं, दादा, वेलीचं तुमचं बरोबर आहे, पण इथं एक फरक आहे. स्तनात राहिलेल्या गाठीनं जीव जात नाही. जीव जातो तो हाडांत, यकृतात, फुप्फुसांत पोचलेल्या पेशींनी. त्या जायच्या असतील तर बहुतेकदा ऑपरेशनच्या आधीच रक्तातून निघून गेलेल्या असतात. तुम्ही इथं स्तन निम्मा काढा नाहीतर पूर्ण काढा, त्यांच्यावर परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी केमो किंवा हार्मोनला अडवणारी गोळी.

हे नुसतं तर्कानं ठरलेलं नाही. इटलीत मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी यांनी 1973 ते 1980 या काळात लहान गाठ असलेल्या 701 बायकांचे दोन गट केले. एका गटाचा स्तन हॅलस्टेड पद्धतीनं पूर्ण काढला, दुसऱ्या गटाचा फक्त गाठ असलेला भाग काढून रेडिएशन दिलं. वीस वर्षं त्यांचा पाठपुरावा केला. दोन्ही गटांत जगण्याचं प्रमाण सारखंच निघालं. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी 1976 पासून 1,851 बायकांवर केलेल्या अभ्यासाचंही वीस वर्षांनंतरचं उत्तर तेच. दोन्ही निष्कर्ष 2002 साली एकदमच प्रसिद्ध झाले.

दीर इथे बरोबर आडवे आले. ‘म्हणजे ठेवलेल्या जागी परत येतच नाही म्हणता?’

येतो, म्हटलं, लपवायचं नाही. मिलानच्या अभ्यासात स्तन वाचवलेल्यांपैकी 30 जणींना त्याच स्तनात पुन्हा गाठ आली, पूर्ण काढलेल्यांपैकी 8 जणींना त्या जागी रोग परतला. म्हणजे पूर्ण काढूनही तिथे येऊ शकतो, आणि ठेवल्यावर थोडा जास्त येतो. पण वेळेत सापडला तर त्यावर पुन्हा उपचार होतात, म्हणून आयुष्याच्या हिशोबात फरक पडला नाही. फिशर यांच्या अभ्यासात फक्त गाठ काढून रेडिएशन न घेतलेल्यांमध्ये 39 टक्के बायकांना त्याच स्तनात पुन्हा आला; रेडिएशन घेतलेल्यांमध्ये 14 टक्क्यांना. म्हणूनच ‘स्तन ठेवते, पण शेक घेणार नाही’ हे सहसा चालत नाही. आणि हे आकडे जुने आहेत; आजच्या औषधांनी आणि तपासण्यांनी ते प्रमाण आणखी खाली आलंय.

‘हे गोऱ्या बायकांचं झालं,’ पती म्हणाले. तेव्हा मी मुंबईच्या टाटा मेमोरियलचं सांगितलं. तिथे स्तन वाचवणाऱ्या शस्त्रक्रिया कित्येक दशकं होतायत. शिवाय तिथल्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटानं आपल्याच देशातल्या दीड हजारांहून जास्त बायकांवर केलेला एक अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशनच्या आधी गाठीभोवती भूल देण्याचं साधं, स्वस्त औषध टोचलं, तर पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण 86.4 वरून 90.1 टक्क्यांवर गेलं. जास्त कापून नव्हे, तर पेशी निसटू नयेत म्हणून काही करून जीव वाचला. ते त्यांना पटल्यासारखं दिसलं.

खरी अडचण नंतर बाहेर आली. ऑक्टोबरची छाटणी तोंडावर आली होती. पूर्ण काढलं तर एका ऑपरेशनमध्ये काम होईल, रेडिएशनसाठी रोजचं जाणं-येणं वाचेल, असा घरात हिशोब झाला होता. मला यात स्वार्थ दिसला नाही. वर्षाचं पीक हातचं जाणं म्हणजे काय, हे त्या घराला ठाऊक. आणि काही घरांसाठी हेच कारण पुरेसंही असतं. जवळ रेडिएशनची सोय नाही, राहायला जागा नाही, अशी बाई विचार करून स्तन काढून घेते तेव्हा तो निर्णय चुकीचा नसतो. फक्त ‘ते जास्त सुरक्षित’ या समजुतीनं घेऊ नये. इथे सर्जन-ऑन्कॉलॉजिस्टशी बोलून वेळापत्रक काढलं. रेडिएशन पूर्वीसारखं पाच-सहा आठवडे नाही, पंधरा बैठका, तीन आठवडे. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन दोन्ही महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसत होतं. रुग्णालयातल्या आरोग्यमित्रानं कागद करून दिले. पतीची एक शंका राहिली होती, ती त्यांनी उठताना विचारली: शेक घेतल्यावर घरातल्या लहानग्याला हिच्याजवळ झोपवायचं का? खुशाल झोपवा. मशीन बंद झालं की अंगात काही उरत नाही.

शस्त्रक्रिया झाली. काढलेल्या तुकड्याच्या कडांना पॅथॉलॉजिस्ट शाई लावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या शाईपर्यंत कॅन्सरच्या पेशी पोचल्यात का ते बघतात. सुनंदाताईंच्या कडा साफ होत्या, काखेतल्या ग्रंथीही. कडा साफ नसत्या तर पुन्हा थोडं कापावं लागलं असतं, ही शक्यता मी आधीच सांगून ठेवली होती. ती सगळ्यांनाच सांगावी.

सगळ्यांचं असं जमत नाही. आपल्याकडे पुष्कळ बायका गाठ मोठी झाल्यावरच येतात. काहींची गाठ आधी केमो देऊन आक्रसते आणि स्तन वाचतो, काहींचा वाचत नाही. एकाच स्तनात वेगवेगळ्या ठिकाणी रोग असलेल्या एका शिक्षिकेचा स्तन काढावाच लागला. तिला पुनर्रचना हवी होती. पाठीचा स्नायू पुढे फिरवून त्याच ऑपरेशनमध्ये नवा उभार केला. पुढे रेडिएशन लागणार असलं की नुसतं सिलिकॉनचं इम्प्लांट कडक होण्याचा धोका वाढतो, म्हणून स्वतःच्या ऊतींचा पर्याय निवडला. पुनर्रचनेमुळे कॅन्सर परत येण्याची शक्यता वाढते का, हा प्रश्न ती दोनदा विचारून गेली होती. वाढत नाही. एक गोष्ट मात्र आधी कुणी सांगत नाही, ती मी सांगते: नव्या स्तनाला पहिल्यासारखा स्पर्श कळत नाही. दिसायला छान होईल. जाणीव बधिर राहील. हे माहीत असून हवा असेल तर जरूर करावा. साठीच्या एका मावशींना तो अजिबात नको होता. त्यांचं दुखणं वेगळंच: ब्लाऊज एका बाजूनं वर सरकतं. आम्ही त्यांच्या शिंप्याला आतून खिसा शिवायला सांगितला, त्यात सिलिकॉनचा कृत्रिम स्तन बसवला, प्रश्न मिटला. तुम्ही पुनर्रचना करायलाच हवी असा आग्रह मला तितकाच नकोसा वाटतो, जितका ‘या वयात कशाला’ हा शेरा.

सुनंदाताईंचा ऑपरेशननंतरचा खांद्याचा व्यायाम घरीच चालला. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, कालनिर्णयच्या बाजूला, भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा. भिंतीकडे तोंड करून डाव्या हाताची बोटं मुंगीसारखी वर चढवायची, जिथे खांदा अडेल तिथे रेघ, दुसऱ्या दिवशी त्या रेघेच्या थोडं वर. फोटो मला मुलीनं व्हॉट्सॲपवर पाठवला, शेवटची रेघ कालनिर्णयच्या खिळ्याच्याही वर गेली होती.

त्यांचा पुढचा प्रश्न होता, ‘क्रेट उचलू का? सगळी म्हणतात त्या हातानं जन्मभर जड उचलायचं नाही.’ ही समजूत अजूनही घट्ट आहे. 2009 साली अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारांनंतर हात सुजलेल्या 141 बायकांना देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजन उचलायला लावलं, तर सूज वाढली नाही. म्हणजे एकदम भरलेलं क्रेट नाही. आधी रिकामं, मग अर्धं, मग पुढे. हात जड वाटला, बांगडी घट्ट झाली की थांबायचं आणि दाखवायचं.

गोळीचं मात्र मी दर फोनला विचारते. ही हार्मोनला अडवणारी गोळी, टॅमॉक्सिफेन, किमान पाच वर्षं, काहींना दहा. अंगातून गरम वाफा येतात, झोप मोडते, चिडचिड होते, आणि बाया कुणाला न सांगता गोळी सोडून देतात. आधी दुसऱ्या गाठीला घाबरणाऱ्या बाया, आणि ज्या गोळीनं ती अडते तीच बंद! त्रास झाला तर बोला, त्यावर उपाय असतात. आणि पाळी गेल्यावर अंगावरून लाल गेलं, तर ‘उष्णता असेल’ म्हणून थांबू नका, लगेच दाखवा.

दिरांना दरवर्षी पेट स्कॅन, म्हणजे सगळ्या अंगात कॅन्सर शोधणारा स्कॅन, करून घ्यायचा होता. काही त्रास नसताना पेट स्कॅन किंवा रक्तातले ट्यूमर मार्कर (कॅन्सरच्या खुणा शोधणाऱ्या रक्ततपासण्या) करत राहिल्यानं आयुष्य वाढत नाही. खर्च आणि धास्ती वाढते. लागते ती वर्षातून एकदा मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे), दोन्ही बाजूंची, आणि पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांची तपासणी.

मागच्या भेटीला सुनंदाताई मुलीला घेऊन आल्या. तिच्या लग्नाचं बघतायत. आईला होता म्हणून हिलाही होणार का, आणि पाहुण्यांना सांगायचं का? आईकडून किंवा वडिलांकडून येणारा जनुकीय दोष स्तनाच्या कॅन्सरच्या शंभरातल्या पाच-दहा जणींमध्ये असतो. चाचणी करायची तर ती आधी आईची, मुलीची नव्हे. सुनंदाताईंनी रक्त दिलं. दोष निघाला नाही. मुलीनं पस्तिशीनंतर मॅमोग्राफी सुरू करायची, म्हणजे आईचं निदान झालं त्याच्या साधारण दहा वर्षं आधी, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. पाहुण्यांचं काय, ते मुलीनंच ठरवलं: विचारलं तर सांगायचं, आईला कॅन्सर झाला होता, उपचार झाले, बाग तीच बघते.