प्रश्न तुमचे, उत्तरे तंत्रज्ञाची : लुकलुकणारे दिवे आणि संशयित कन्सोल

प्रश्न : आमच्या हौशी नाट्यसंस्थेकडे २४ चॅनेलचे जुने कन्सोल, म्हणजे रंगमंचावरचे दिवे चालवण्याचे पटल, आहे. त्यावर १००० वॅटचे १२ हॅलोजन स्पॉट डिमरमार्फत (प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या यंत्रामार्फत) आणि ८ एलईडी पार (रंग बदलणारे दिवे) थेट डीएमएक्सवर, म्हणजे कन्सोलचा संदेश दिव्यांपर्यंत नेणाऱ्या पद्धतीवर, चालतात. स्पॉट वाढवत नेले की एलईडी पार लुकलुकू लागतात आणि कधी क्षणभर भलताच रंग दाखवतात. शिवाय सातव्या चॅनेलचा फेडर (सरकती कळ) वर सरकवताना त्यावरचा स्पॉट धक्के खात वाढतो. कन्सोल बिघडले आहे, नवेच घ्यावे, असे काही सभासदांचे मत आहे. आपला सल्ला काय?

उत्तर : आपण दोन वेगळ्या तक्रारी एकाच आरोपीच्या नावावर घातल्या आहेत. त्यांपैकी फेडरची तक्रार कन्सोलची असण्याची दाट शक्यता आहे. एलईडीची मात्र बहुधा नाही.

फेडरचे आधी उरकू. सातव्या चॅनेलवरचा डिमर दुसऱ्या एखाद्या फेडरवर पॅच करून, म्हणजे त्या फेडरला जोडून, पाहावा. तिथे प्रकाश एकसारखा वाढला, तर सातव्या फेडरच्या आतील कार्बनच्या पट्टीवर धूळ बसली आहे किंवा ती झिजली आहे, असे समजावे. कन्सोल बंद करून, वीजजोडणी काढून, फेडरसाठीच बनवलेला क्लीनर थोडासा मारावा आणि फेडर पुष्कळदा वरखाली करावा. गंज सोडवण्यासाठी मिळणारा सर्वसाधारण फवारा तिथे कटाक्षाने टाळावा, कारण तो पट्टीवर तेलकट थर ठेवतो आणि काही दिवसांत तीच तक्रार अधिक जोराने परत येते. सफाईने फरक पडला नाही, तर तेवढा एक फेडर बदलून घ्यावा. सगळेच दिवे एकाच वेळी आणि एकाच प्रमाणात थरथरत असते, तर ग्रँड मास्टरच्या, म्हणजे सगळे दिवे एकत्र कमी-जास्त करणाऱ्या, फेडरवर किंवा कन्सोलच्या पॉवर सप्लायवर संशय घेता आला असता. आपल्या वर्णनात तसे काही दिसत नाही.

आता एलईडी पार. लुकलुकणाऱ्यांपैकी एका पारची डीएमएक्स केबल काढून टाकावी, त्याच्या स्वतःच्या मेनूतून एखादा स्थिर रंग लावावा आणि मग स्पॉट हळूहळू पूर्ण वाढवावेत. केबल नसतानाही पार लुकलुकला, तर दोष विजेच्या पुरवठ्यात किंवा खुद्द पारमध्ये आहे. तो स्थिर राहिला, तर दोष संदेशाच्या वाटेवर आहे. या एका चाचणीने निम्मा शोध संपतो, तरीही ती फारसे कोणी करत नाही.

दोष संदेशाचा निघाल्यास केबलपासून सुरुवात करावी. डीएमएक्स५१२ ही पद्धत १९८६ साली निश्चित झाली. तीत सेकंदाला २,५०,००० बिट्स या वेगाने संदेश जातो आणि पूर्ण ५१२ चॅनेलचा संच सेकंदाला साधारण ४४ वेळा पाठवता येतो. अशा एखाद्या संचात गडबड झाली की दिव्याला क्षणभर चुकीचे आकडे मिळतात. तुम्हाला दिसणारा भलताच रंग बहुधा तोच. शेवटच्या दिव्यात टर्मिनेटर, म्हणजे दोन आणि तीन क्रमांकाच्या पिनांमध्ये जोडलेला १२० ओहमचा रोध, नसेल तर संदेश केबलच्या टोकावरून उलटा परततो आणि मागून येणाऱ्या संदेशात मिसळतो. माइकची केबल त्याच जोडणीत बसते म्हणून सर्रास वापरली जाते आणि थोड्या अंतरावर निभावूनही जाते, पण अंतर आणि दिवे वाढले की ती दगा देते. साध्या वाय जोडणीने (एका केबलच्या दोन करणाऱ्या जोडणीने) लाइनला फाटाही फोडू नये. फाटा हवाच असेल तर स्प्लिटर, म्हणजे संदेश वेगवेगळ्या केबलींवर वाटून देणारे यंत्र, घ्यावा. कन्सोल निर्दोष आहे का, हे पाहण्यासाठी एकच पार एका खात्रीच्या छोट्या केबलने त्याला जोडावा. तो नीट चालला तर पुढचे पार एकेक करून जोडत जावे आणि कुठे बिघडते ते पाहावे.

दिवे नेमके केव्हा लुकलुकतात, याकडेही लक्ष द्यावे. डिमर विजेच्या लहरीचा काही भाग कापून प्रकाश कमी करतो. हा काप सर्वांत तीव्र होतो तो दिवे निम्म्याच्या आसपास असताना, आणि शेजारून गेलेल्या डीएमएक्स केबलमध्ये त्याचा उपद्रव शिरू शकतो. म्हणून लुकलुक मध्यावर वाढून पूर्ण प्रकाशात शमत असेल, तर दोन्ही केबली एकमेकींपासून दूर न्याव्यात. लुकलुक शेवटपर्यंत वाढतच जात असेल, तर संशय विजेच्या भाराकडे वळतो. २३० व्होल्टवर आपले १२ स्पॉट मिळून सुमारे ५२ अँपिअर खेचतात. इतक्या प्रवाहात सैल स्क्रू किंवा बारीक वायर लपून राहत नाही. पार डिमरच्या सॉकेटवर तर लावलेले नाहीत ना, हेही पाहावे. डिमर पूर्ण उघडा ठेवला तरी एलईडीला तो पुरवठा मानवेलच असे नाही. त्यांना स्वतंत्र, थेट लाइनच द्यावी.

एक लक्षण मात्र चाचण्या करत बसण्याचे नाही. थ्री-फेज जोडणीत काही दिवे मंद होताना दुसरे आपोआप प्रखर होत असतील, तर न्यूट्रल (विजेची परतीची तार) सैल झाली आहे किंवा तुटली आहे असे समजून मेन स्विच ताबडतोब बंद करावा आणि परवानाधारक वायरमनला बोलवावे. डिमरच्या भारात तिन्ही फेजच्या न्यूट्रलचे प्रवाह एकमेकांना पुरते छेदत नाहीत, त्यामुळे न्यूट्रलमधून कधी कधी फेजपेक्षाही जास्त प्रवाह वाहतो. तिची जोडणी तापते ती याच कारणाने.

हे सगळे तपासून झाल्याशिवाय नव्या कन्सोलचा विचारही करू नये. दोष केबलीत असेल तर नवे कन्सोलही त्याच केबलींवर तसेच वागेल.

प्रश्न : प्रयोगाचे मोबाइलवर चित्रीकरण केले की एलईडी दिव्यांचे आडवे पट्टे दिसतात. डोळ्यांना मात्र प्रकाश स्थिर वाटतो. दिवे खराब आहेत का?

उत्तर : नाहीत. बरेच एलईडी दिवे अतिशय वेगाने चालू-बंद होऊन प्रकाश कमी-जास्त करतात. तो वेग डोळ्यांच्या आवाक्याबाहेर असतो, पण कॅमेरा चित्र ओळीओळीने टिपतो, त्यामुळे काही ओळी उजळ येतात आणि काही काळपट. दिव्याच्या मेनूत या वेगाची निवड असल्यास तो वाढवावा. ती सोय नसेल तर कॅमेऱ्याचा शटर वेग कमी करून पट्टे पुसट होतात का ते पाहावे, आणि हे सारे प्रयोगाच्या आदल्या तालमीतच आजमावावे.