मुलगी सारख्या असल्याच कादंबऱ्या वाचते, पुस्तकं काढून घेऊ का?

टीनएज मुलांच्या पालकांकडून हा प्रश्न मला नेहमी येतो. मॅडम, पोरगी सतत ती घरातून पळालेल्या नाहीतर आईबापांशी वाकडं असलेल्या मुलांची पुस्तकं वाचते, तिच्या डोक्यात भलतंच काही शिरेल का? मोबाइलची तक्रार लोक तावातावाने करतात, पुस्तकाची मात्र जरा ओशाळूनच, कारण लहानपणी वाच वाच म्हणून तेच मागे लागलेले असतात.

अशीच एक आई आली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). मुलगी पंधरा वर्षांची, आईचं दुसरं लग्न झालेलं, आता घरात एक छोटा भाऊ पण. वरवर सगळं ठीक, नव्या वडिलांशी नीट बोलते, अभ्यास बरा आहे, पण खोलीचं दार कायम बंद आणि हातात यंग अडल्ट म्हणजे किशोरवयीन मुलांसाठी लिहिलेली कादंबरी, त्यातही ठरावीकच विषय, सावत्र घर, दत्तक मूल, आपण कुठलेच नाही असं वाटणारी मुलं. आईने एकदा तिच्या नकळत पुस्तक चाळलं तर एका पानावर पेन्सिलीच्या रेघा. सगळं घर एका जोकवर हसतंय आणि नायिकेला तो कळत नाहीये, कारण तो ती तिथे नसतानाचा आहे, असा तो प्रसंग. सांगता सांगता आईला रडूच आलं, म्हणाली बंदच करते ही पुस्तकं.

मी म्हटलं थांबा जरा. तिचा मुख्य आक्षेप होता की या कादंबऱ्यांमधे आईवडील एकतर मेलेले, नाहीतर गायब, नाहीतर काही कामाचे नसलेले, म्हणजे मुलांना हेच शिकवायचंय का. अहो पण ती लिहिणाऱ्याची अडचण असते. समजूतदार आई पहिल्याच प्रकरणात हजर असली तर ती सगळं निस्तरून मोकळी होईल, मग सोळा वर्षांच्या नायकाने करायचं काय? त्याला स्वतः निर्णय घ्यायला लावायचा तर मोठ्यांना बाजूला काढावंच लागतं. या प्रकारातली सुरुवातीची गाजलेली कादंबरी म्हणजे एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’. ती 1967 मधे आली तेव्हा लेखिका 18 वर्षांची होती आणि लिहायला लागली ती शाळेत असतानाच. त्यात तीन भाऊ, आईवडील अपघातात गेलेले, थोरल्याने हात उचलला म्हणून धाकटा घरातून पळतो, आणि पुढे त्याला कळतं की हा सतत ओरडणारा भाऊ आपल्याला गमवायच्या भीतीने ओरडतो. आता यात घर तोडायची शिकवण कुठेय? या पुस्तकांमधली मुलं बहुतेक वेळा घरच शोधत असतात, फक्त त्यांना शोधताना रागवायची मुभा असते, जी खऱ्या घरात मिळतेच असं नाही.

मी आईला एरिक एरिक्सनबद्दलही सांगितलं. आयडेंटिटी क्रायसिस, म्हणजे आपण नेमके कोण हा गोंधळ, हा शब्द ज्यांच्यामुळे रुळला ते हे मानसशास्त्रज्ञ. त्यांना जन्मदाता बाप कोण हे कधीच कळलं नाही, सावत्र वडीलच खरे वडील असं सांगून त्यांना वाढवलं, आणि 1939 मधे अमेरिकेचं नागरिकत्व घेताना त्यांनी एरिक्सन हे आडनाव स्वतःच घेतलं. मी कुणाचा हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर अभ्यासला. तुमच्या मुलीलाही तोच पडलाय, आणि तो पुस्तकं यायच्या आधीपासून घरात होता.

मुलीशी बोलताना मी घराचं नावच काढलं नाही. कशी आहेस विचारलं की पंधराव्या वर्षी उत्तर एकच येतं, ठीक. म्हणून विचारलं, त्या नायिकेच्या घरच्यांनी काय करायला हवं होतं? लगेच म्हणाली, कुणीतरी तिला तो जोक सांगायचा ना! आणि मग थोड्या वेळाने तीच म्हणाली, आमच्याकडे बाबा चांगलेच आहेत, तोच तर प्रॉब्लेम आहे, तक्रार कुणाची करू. किती दिवस हे वाक्य अडकून बसलं असेल, कारण वाईट सावत्र बापाबद्दल रडता येतं, चांगल्याबद्दल रडलं तर आपणच कृतघ्न ठरतो.

आईला मी एवढंच करायला सांगितलं, आपण पुस्तक चाळलं हे मुलीला आधी सांगून टाका, मग तिला विचारून तेच पुस्तक पूर्ण वाचा आणि गप्पा फक्त पात्रांबद्दल मारा. मधेच तुलाही असं वाटतं का गं हे विचारायचं नाही, ते ती तिला वाटेल तेव्हा सांगेल.

काळजी कधी करायची तेही सांगते. दोन आठवड्यांच्या वर सतत उदास, झोप नाहीतर भूक बिघडलेली, मैत्रिणी तुटल्या, आवडती पुस्तकंसुद्धा नकोशी झाली, तर डॉक्टरांना दाखवा. मरायच्या गोष्टी बोलत असेल तर एक दिवस पण थांबू नका, आणि जीव द्यावासा वाटतो का हे सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. या मुलीत यातलं काही नव्हतं.

नंतर आईचा फोन आला तेव्हा हसत होती. पुस्तक वाचून तीच नायिकेच्या आईवर भडकली, कसली बाई आहे म्हणाली, तर मुलगी म्हणे, असं नाही गं, तिला पण कुठे माहीत होतं काय करायचं. मग दोघी बराच वेळ भांडल्या त्यावरून. पुढच्या सेशनला मुलीला बाबांना पण आणायचंय, मी हो म्हटलंय.