माळावर झाडं लावायची की काढायची?

प्रश्न : सर नमस्कार. आम्ही सात-आठ जण आहोत, कोण बँकेत कोण कॉलेजला, दर रविवारी निसर्गाचं काहीतरी काम करायचं ठरवलंय. सोलापूरजवळच्या नान्नजच्या बाजूला एवढा माळ नुसता मोकळा पडलाय, तिथं पावसाळ्यात वड, पिंपळ, गुलमोहर लावावं आणि सीडबॉल (मातीत बिया घालून केलेले गोळे) टाकावे असा प्लॅन आहे. परमिशन लागते का? कुठली झाडं जगतील? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : रविवारची झोप सोडून माळावर जायला तयार आहात हे वाचून खरंच बरं वाटलं, पण हात जोडून सांगतो, तिथं झाडं लावू नका, सीडबॉल तर अजिबात टाकू नका. आपल्याकडं पाऊस कमी, माती उथळ, खाली मुरूम, हजारो वर्षांपासून इथं गवतच वाढत आलंय आणि त्या गवतावर काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल सगळे जगतात. काळवीट लांबून धोका बघतं आणि पळून जीव वाचवतं, मधे झाडी झाली की लांबचं दिसणारच नाही. झाडावर कावळे, शिकारी पक्षी बसायला लागले की खालची अंडी-पिल्लं गेलीच म्हणा. आणि माळढोक पक्ष्याला तर पायाला मागचं बोटच नसतं, फांदी पकडून तो बसूच शकत नाही, त्याला झाडाचा काय उपयोग सांगा. त्याच्यासाठी 1979 ला नान्नजला अभयारण्य झालं आणि आज तो तिथं दिसणं मुश्किल झालंय, याचं मला फार वाईट वाटतं. पूर्वी माळांवर ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, निलगिरी लावून हिरवं केलं गेलं, त्यानं गवताचं नुकसानच झालं.

मग काम काय, तर काढायचं काम भरपूर आहे. वेडी बाभूळ आणि सुबाभळीची रोपं जून-जुलैत माती ओली असताना मुळासकट उपटायची, नुसती कोयत्यानं वरून छाटली की खालून चार फुटवे येतात आणि झुडूप आणखी दाट होतं. मोठी झाडं तुमच्यानं निघणार नाहीत, त्याच्या नादी लागू नका. आपली गावठी बाभूळ मात्र चुकून तोडू नका हं, तिला पिवळे गोल गोंडे येतात, वेडीला लांब तुरा असतो. गाजरगवत फुलं यायच्या आधी उपटायचं, हातमोजे आणि तोंडाला रुमाल पाहिजेच, नाहीतर अंगाला खाज सुटते. त्याची पानं खाणारा छोटा पट्ट्यापट्ट्यांचा मेक्सिकन भुंगा दिसला तर त्याला मारू नका, तो आपल्याच बाजूचा आहे.

एक लक्षात ठेवा, पावसाळ्यात टिटवी, चंडोल, लावा हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, त्यामुळं आत गवतात घोळक्यानं हिंडायचं नाही, कडेकडेनं रस्त्याच्या बाजूनं काम करायचं. दिवाळीनंतर गवत वाळलं की वणव्याची भीती, तेव्हा जाळरेषा (आग पुढं पसरू नये म्हणून गवत काढून केलेला मोकळा पट्टा) काढायला माणसं लागतात. उन्हाळ्यात पाणवठ्यातला गाळ काढायचा. पायात बूट पाहिजेत आणि दगडाखाली हात घालायचा नाही, तिथं फुरसं, म्हणजे विषारी साप असतो.

परमिशन तर लागतेच. 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणं अभयारण्यात मनानं काही तोडता-खणता येत नाही. आधी वनक्षेत्रपालांना लेखी अर्ज द्या, वनरक्षक सांगतील तिथंच आणि तेवढंच करा, गायरान असेल तर ग्रामपंचायतीला विचारा. आणि झाडं लावायचीच हौस असेल तर शहरात लावा, नाहीतर शेताच्या बांधावर शेतकऱ्याला विचारून बोर, हिवर, कडुनिंब लावा, पण दोन उन्हाळे पाणी घालायची तयारी ठेवूनच.

प्रश्न : माझं वय 61, गुडघे दुखतात, कुदळ मारणं जमणार नाही. मला काही करता येईल का? – एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : काका, जरूर करता येईल. दर जानेवारीत पाणपक्ष्यांची मोजणी असते, हिप्परग्याच्या तलावावर काठाला बसून दुर्बिणीतून मोजायचं आणि वहीत लिहायचं, यात गुडघ्यापेक्षा चिकाटी लागते. सध्या सकाळी कंबर तलावावर जाऊन बसा, दिसेल तो पक्षी, तारीख, वेळ लिहीत जा, नाव नाही आलं तर रंग आणि चोच लिहा. आणि पतंगाचा सीझन संपला की पोरांना घेऊन झाडांवरचा नायलॉन मांजा काढून घ्या, पोरं काठीनं काढतील, तुम्ही खाली उभं राहून सगळा एका पिशवीत गोळा करा, तुकडासुद्धा मागं राहू देऊ नका, त्यात पाय अडकून पक्षी लटकून मरतात.