आधी वजन उतरवू की आधी कंबरदुखीची थेरपी?

प्रश्न: माझं वय ४२, वजन ९४ किलो. तीन वर्षं झाली कंबर दुखतेय, एमआरआयमध्ये ऑपरेशन करण्यासारखं काही निघालं नाही. आता डॉक्टर म्हणतात सायकॉलॉजिस्टकडे जाऊन सीबीटी करा, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी. घरचे म्हणतात दुखणं वजनाचं आहे, मनाचं नाही, आधी पंधरा किलो उतरव मग बघू. एवढ्या वजनावर थेरपीचा उपयोग होतो का?

उत्तर: ताई, थेरपी आत्ताच सुरू करा, वजन उतरायची वाट बघत बसू नका. वजनाचा कंबरेशी संबंध आहे, ते नाकारायचं कारण नाही, मणक्यावर भार जास्त पडतो आणि चरबीच्या पेशींमधून सूज वाढवणारे घटकही रक्तात सुटत राहतात. पण दुखणं तीन महिन्यांच्या पुढे गेलं की मज्जासंस्थाच जास्त हळवी होऊन बसते, साध्या हालचालीलाही ती धोका समजते, आणि सीबीटी काम करते ती तिथे. म्हणजे दुखणं तुमच्या मनाचं आहे असं डॉक्टर म्हणत नाहीयेत, दुखणं खरंच आहे.

२०१६ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, जुनी कंबरदुखी असलेले ३४२ लोक, त्यांचे तीन गट. सहा महिन्यांनी रोजच्या कामांत चांगला फरक पडलेले लोक सीबीटीच्या गटात जवळपास ५८ टक्के होते, माइंडफुलनेसच्या (मन आत्ताच्या क्षणावर ठेवायचा ध्यानाचा सराव) गटात ६० आणि नुसत्या नेहमीच्या उपचारांवर ४४. सगळ्यांनाच गुण येत नाही हे यातूनच दिसतं, पण तिकडे दुर्लक्ष करावं इतका फरक लहानही नाही.

आता वजन आडवं कुठे येतं ते सांगते. पहिली गोष्ट भीती. खाली पडलेली किल्ली उचलायची म्हटलं की आधी श्वास रोखला जातो, पोट आवळलं जातं, एक हात टेबलावर जातो, आणि डोक्यात येतं की एवढ्या वजनाने वाकले तर मणका मोडेल. मग वाकणंच बंद, हालचाल कमी, स्नायू ढिले, वजन अजून वर आणि दुखणंही वर. थेरपीत हेच हळूहळू उलटं फिरवतात, तुमच्या भीतीच्या हालचालींची यादी करतात, सोप्यापासून सुरुवात करतात, 'आता काय होईल असं वाटतंय' ते आधी लिहायला लावतात आणि केल्यावर खरंच काय झालं ते ताडून बघतात. चालणंही दुखेपर्यंत नाही, घड्याळ लावून ठरलेल्या वेळेपुरतंच, बरं वाटलं तरी तेवढंच.

दुसरी गोष्ट झोप, आणि ही बऱ्याचदा राहून जाते. घोरता का, दिवसा डुलक्या येतात का, सकाळी डोकं जड असतं का? असेल तर स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास मधूनमधून थांबण्याच्या त्रासाची, तपासणी करून घ्या, जास्त वजनात तो जास्त आढळतो, आणि झोप मोडलेली असली की दुसऱ्या दिवशी दुखणं वाढतं, थेरपीतलं काही करायला अंगात त्राणही राहत नाही.

आणि लाज. तीन वर्षं प्रत्येक दुखण्याला 'वजन कमी करा' एवढंच उत्तर मिळालेलं माणूस नव्या खोलीत शिरताना आधीच अंग चोरून बसतं, आणि कित्येक जण दोन भेटींनंतर येणंच सोडतात, ह्याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा की वजनावरून बोलणी खाल्लीयत, मला आधी कंबरेचं बघायचंय. जे ऐकून घेणार नाहीत ते बदला.

घरच्यांना सांगा, वजनाचं काम बंद नाहीये. हालचालीची भीती कमी झाली, झोप सुधारली की तेही सोपं जाईल, दोन्ही बरोबरीने चालू द्या, फिजिओथेरपीसुद्धा.

मात्र लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी व्हायला लागली तर थेरपीच्या पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.